द्वंद्वखेळांची कैफियत: केंद्रीय क्रीडामंत्र्यांस अनावृत पत्र

मा. केंद्रीय युवक व्यवहार व क्रीडा मंत्री,
शास्त्री भवन, नवी दिल्ली यांस

महोदय,



2025 च्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन खेळांच्या प्रोत्साहनाचा व नियमनाचा जो अधिनियम संमत केला, त्याने पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर सरसकट बंदी घातली आणि त्याच वेळी, ज्यांचा निकाल हस्तकौशल्य, बुद्धीची चपळता व डावपेच यांवर अवलंबून असतो अशा ई-क्रीडेला कायद्याची मान्यताही दिली. या ई-क्रीडेची मानके व मार्गदर्शक तत्त्वे आखण्याचे काम आपल्या मंत्रालयाकडे आलेले असल्यामुळे, आणि अशी तत्त्वे आखली जात असता जे मोठ्याने बोलतात त्यांचेच म्हणणे दप्तरी दाखल होते असा सर्वसाधारण अनुभव असल्यामुळे, एका लहान पण जुन्या जमातीची कैफियत आपल्यापुढे मांडण्याचे धाडस मी करीत आहे. ही जमात फायटिंग गेम, म्हणजे दोन खेळाडूंनी एकमेकांशेजारी बसून खेळावयाचे द्वंद्वखेळ, खेळणाऱ्यांची आहे. मी त्यांच्यातलाच एक. खेळाडू म्हणून सामान्य प्रतीचा, प्रेक्षक म्हणून मात्र पुष्कळ वर्षांचा.

ई-क्रीडा हा शब्द उच्चारताच शासकीय दृष्टीपुढे बहुधा मोबाइलवर चाललेली बंदुकांची धुमश्चक्री आणि तिच्यामागची जाहिरातदारांची रांग उभी राहते. द्वंद्वखेळांचा संसार त्याहून निराळा आहे. येथे संघ नाही, लपावयास आडोसा नाही, आणि हरल्यावर सोबत्याच्या डोक्यावर खापर फोडण्याची सोय तर मुळीच नाही. येथला काळ सेकंदाच्या साठाव्या हिश्शाने मोजतात व त्या हिश्शाला फ्रेम म्हणतात. स्ट्रीट फायटर 6 मधील रियू या पात्राचा हलका ठोसा चौथ्या फ्रेमला लागतो. उलट, डोळ्यांनी काही पाहून हाताने त्याला उत्तर देण्यास साधारण माणसाला पंधराएक फ्रेम लागतात. सबब तो ठोसा पाहून अडविणे कोणाच्याच आवाक्यातले नव्हे. जो अडवितो तो समोरच्याने गेल्या दोन मिनिटांत कोणत्या प्रसंगी काय केले याची मनातल्या मनात नोंद ठेवून, आता तो काय करील याचा अदमास बांधून अडवितो. बोटांचा वेग पुष्कळांना साधतो; हा अदमास फार थोड्यांना साधतो, आणि तोच या खेळाचा गाभा आहे.

याचे एकच उदाहरण जरा सविस्तर सांगतो, कारण ते या जमातीत सर्वांना मुखोद्गत आहे. 2004 साली कॅलिफोर्नियातील पोमोना येथे भरलेल्या एव्हो या स्पर्धेत, थर्ड स्ट्राइक या खेळाच्या पराभूत गटातील अंतिम सामन्यात, जपानचा दाइगो उमेहारा आणि न्यूयॉर्कचा जस्टिन वाँग समोरासमोर आले. उमेहाराच्या केन या पात्राचे प्राण एका रेषेपुरते उरले होते, इतके की प्रतिपक्षाचा विशेष प्रहार नुसता अडविला असता तरी त्या अडविण्याच्या झिजेनेच तो संपला असता. वाँगने चुन-लीचा पंधरा लाथांचा महाप्रहार सोडला. थर्ड स्ट्राइकमध्ये आघात निष्फळ करण्याची एक युक्ती आहे: आघात अंगावर येतो नेमक्या त्या क्षणी कंट्रोलरचा दांडा मागे न ओढता पुढे, म्हणजे आघाताच्याच दिशेने, ढकलावयाचा; क्षण चुकला की आघात पुरता बसतो. उमेहाराने ते एकदा नव्हे, ओळीने पंधरा वेळा केले, शेवटची लाथ हवेत उडी घेऊन परतविली आणि लगोलग उलट हल्ला चढवून ती फेरी जिंकली. त्या वेळच्या चित्रणात प्रेक्षकांचा कल्लोळ चौथ्या-पाचव्या लाथेपासूनच वाढत जाताना ऐकू येतो. कारण समोर काय घडते आहे हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला, स्वतः ते कधीही न साधल्यामुळे, पुरते कळत होते. उमेहारा त्या दिवशी अंतिम सामना हरला, ही गोष्ट मात्र कोणी सहसा सांगत नाही. पुढे काही काळ तो खेळापासून दूर होऊन वृद्धांच्या शुश्रूषेची नोकरी करीत होता, आणि स्ट्रीट फायटर 4 आल्यावर परतला. खेळाडू घडविण्याच्या सरकारी योजनांत असा माणूस कोणत्या रकान्यात बसतो, हे मला कळत नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. ज्या एव्होचा मी उल्लेख केला ती 1996 साली कॅलिफोर्नियातीलच सनीव्हेल येथे, चाळीसएक खेळाडूंच्या मेळाव्यातून, निराळ्या नावाने सुरू झाली. 2023 मध्ये लास व्हेगास येथे स्ट्रीट फायटर 6 या एकाच खेळासाठी सात हजारांहून अधिक जणांनी नावे नोंदविली आणि जिंकला संयुक्त अरब अमिरातीचा एक खेळाडू. मधल्या काळात तिचे मालक बदलले; 2021 साली सोनीने तीत हिस्सा घेतला, आणि 2025 मध्ये तो सोडला तेव्हा नॉडविन या भारतीय कंपनीने विकत घेतला. पण एक गोष्ट पहिल्यापासून बदललेली नाही. शुल्क भरील तो खेळेल. निमंत्रण नाही, शिफारसपत्र नाही, जिल्हा संघटनेचा दाखला नाही. जगज्जेता आणि कालपरवा खेळ हाती घेतलेला पोरगा यांची नावे एकाच तक्त्यावर लागतात, आणि पहिल्याच फेरीत त्यांची गाठ पडू शकते. एकदा हरलेला पराभूत गटात जातो व तेथून पुन्हा वर चढू शकतो. दुसऱ्यांदा हरला की घरी. या तक्त्याला आम्ही ब्रॅकेट म्हणतो, आणि तो सर्वांस खुला असणे हाच या जमातीचा खरा कायदा आहे.

हा कायदा भाबडेपणाने पाळला जातो असे आपणांस वाटू नये. त्याची फळे रोकडी आहेत. 2019 च्या फेब्रुवारीत जपानमधील फुकुओका येथे टेक्केन 7 चे विजेतेपद लाहोरच्या अर्सलान सिद्दिकी याने, खेळाडूंत अर्सलान ॲश म्हणून जो ओळखला जातो त्याने, जिंकले. तोवर टेक्केन म्हणजे कोरिया आणि जपान यांची वतनदारी, असा समज होता. हा तरुण व्हिसाच्या आणि विमानप्रवासाच्या दगदगीतून कसाबसा तेथे पोहोचला होता, आणि जिंकल्यावर त्याने सांगितले काय, तर आमच्याकडे याहून तयारीचे खेळाडू आहेत. त्याच वर्षी लास व्हेगासलाही त्याने बाजी मारल्यावर ते बोलणे नुसती प्रौढी नव्हे हे जगाला उमगले, आणि कोरियाचा बे जे-मिन, जो या खेळातील सर्वश्रेष्ठांपैकी एक गणला जातो, तो सरावासाठी स्वतः पाकिस्तानात गेला. लाहोरात प्रबोधिनी नव्हती, मानधन नव्हते. गल्लीतली खेळघरे होती, आणि त्यांत रोज संध्याकाळी एकमेकांना हरविणारी वीस-पंचवीस माणसे होती. डॉमिनिकन प्रजासत्ताकातील मेना हा अठरा वर्षांचा मुलगा 2017 साली स्ट्रीट फायटरचा कॅपकॉम चषक जिंकून गेला, त्याच्या मागेही कोणते मंत्रालय उभे होते असे ऐकिवात नाही.

तशी खेळघरे आपल्याकडेही होती. नव्वदीच्या दशकात आणि त्यानंतरही काही वर्षे, मुंबईच्या उपनगरांत व जिल्ह्याच्या गावी, बसस्थानकाच्या आसपास, पडदा लावलेल्या अंधाऱ्या गाळ्यांत व्हिडिओ गेम पार्लर चालत, आणि तेथे किंग ऑफ फायटर्स 97 च्या यंत्रापुढे शाळा बुडविलेली पोरे नाण्यांसह उभी असत. जिंकणारा बसून राही, हरणारा उठे, नियमावली एवढीच. काही पार्लरांच्या मागल्या खोलीत जुगाराची यंत्रे असत हे खरे, आणि म्हणून पोलिसांचे छापेही पडत; पण त्या छाप्यांत मागली खोली व पुढली खोली असा भेद फारसा झाला नाही. पुढे घरोघर संगणक आले, गाळ्यांचे भाडे वाढले, आणि ती पिढी पांगली. न्यूयॉर्कच्या मॉट स्ट्रीटवरील चायनाटाउन फेअर हे ज्या खेळघरात जस्टिन वाँग घडला, तेही 2011 साली बंद पडले. आमच्या पांगलेल्यांतून आणि नव्यांतून जे थोडके शिल्लक आहेत, ते आज भाड्याच्या खोलीत किंवा एखाद्या कॅफेच्या पोटमाळ्यावर रविवारी जमतात.

अशा जमण्याचे स्वरूप आपण प्रत्यक्ष पाहिले असते तर पुढचे लिहावे लागले नसते. पाच-सहा पडदे, त्यांच्यामागे एक्स्टेंशन बोर्डांचा गुंता, प्रत्येकाच्या पिशवीत स्वतःचा कंट्रोलर, कोणाकडे जुन्या पार्लरच्या धर्तीचा दांडा व आठ बटणे बसविलेली लाकडी पेटी. सामन्यापूर्वी दोघेही बटणे तपासून घेतात, आणि सामन्यानंतर हात मिळवितात. आयोजक म्हणजे त्यांच्यातलाच कोणी, जो स्वतः खेळून झाल्यावर तक्ता भरीत बसतो. एका कोपऱ्यात दहावीतला मुलगा दोन सामने हरून चेहरा पाडून बसलेला असतो, आणि ज्याने त्याला हरविले तोच तिशीतला गृहस्थ त्याला रिकाम्या यंत्राकडे ओढून नेऊन, सराव-विभाग उघडून, ‘तुझी ही लाथ अडवली की तू सहा फ्रेम उघडा पडतोस, म्हणून मी दर वेळी मारत होतो, इथं थांबायला शीक’ असे समजावीत असतो. आपला डाव प्रतिस्पर्ध्याला असा फुकट शिकवून टाकणारा हा दस्तूर मला अन्य कोणत्या स्पर्धात्मक व्यवसायात आढळलेला नाही. त्यामागे परोपकार थोडा आणि स्वार्थ जास्त आहे: समोर तोडीचा जोड नसेल तर स्वतःचाच खेळ गंजतो.

या मेळाव्यात प्रत्येकजण शे-दोनशे रुपये देतो. जागेचे भाडे वजा जाता जी रक्कम उरते तिला पॉट म्हणतात, आणि ती पहिल्या तिघांत वाटली जाते. बहुतेक ठिकाणी सिंहाचा वाटा पहिल्याला. तीस खेळाडूंच्या स्पर्धेत विजेत्याच्या हाती पडणारी रक्कम एका कंट्रोलरच्या किमतीलाही पुरत नाही. आणि येथेच, महोदय, आपला अधिनियम आमच्या दारात येऊन उभा राहतो. ई-क्रीडेच्या व्याख्येत प्रवेशशुल्क घेण्यास व कामगिरीनुसार बक्षीस देण्यास मुभा आहे. पण ते शुल्क केवळ स्पर्धेत प्रवेशासाठी वा व्यवस्थेच्या खर्चासाठी असावे अशी मर्यादाही आहे, आणि तो खेळ मान्यताप्राप्त व नोंदणीकृत असावा अशी अटही. उलटपक्षी, पैसे भरून, पैसे जिंकण्याच्या अपेक्षेने खेळला जाणारा ऑनलाइन खेळ बंदी असलेल्या वर्गात मोडतो, आणि तशी सेवा पुरविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद व एक कोटी रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. आता भरलेल्या शुल्कातूनच बक्षीस निघते, तेव्हा आमचा पॉट प्रवेशशुल्क ठरावा की पणाला लावलेली रक्कम? एकाच यंत्राला दोन कंट्रोलर जोडून, इंटरनेटचा संबंधही न येता झालेला सामना ऑनलाइन खेळ ठरतो काय? मला विचाराल तर दोन्ही प्रश्नांची उत्तरे आमच्या बाजूची आहेत. पण रविवारी संध्याकाळी पोटमाळ्यावर येऊन उभ्या राहिलेल्या हवालदारापुढे माझ्या अन्वयार्थाला किंमत किती?

जत्रेतल्या कुस्तीच्या फडात गावकरी वर्गणी काढतात, पंच जोड लावतात, कोठल्याही गावचा मल्ल लांग चढवून उतरू शकतो, आणि निकाली कुस्ती मारणाऱ्याला इनाम मिळते. त्याला कोणी जुगार म्हटलेले नाही. आमचा पॉट त्याच जातीचा आहे, फरक इतकाच की वर्गणी खेळणारेच काढतात. खेळणाऱ्याने दुसऱ्या कोणाच्या जयपराजयावर पैसे लावणे हा भाग निराळा, आणि तो वगळण्यास आमची हरकत नाही. दोघा खेळाडूंनी आपसांत रक्कम ठरवून खेळण्याचीही एक जुनी चाल या जमातीत आहे, जिला मनी मॅच म्हणतात; तिच्यातून काही मोठी नावे घडली हे खरे असले तरी, या देशात तिची पाठराखण करण्याचा माझा मनोदय नाही. माझी मागणी मर्यादित आहे: विशिष्ट रकमेखालचे शुल्क आणि विशिष्ट संख्येखालचे खेळाडू असलेल्या प्रत्यक्ष स्थळी भरणाऱ्या स्पर्धा नोंदणीच्या अटीतून मुक्त असाव्यात, आणि शुल्कातून बक्षीस देणे म्हणजे पैज नव्हे, असा स्पष्ट खुलासा नियमांत असावा. चार ओळींची तरतूद पुरे.

दुसरी बाब खेळांच्या मालकीची. कबड्डीची मालकी कोणाकडे नाही. उद्या महासंघ मोडला तरी गल्लीत रेषा आखून ती खेळता येते. द्वंद्वखेळ मात्र कंपन्यांची मालमत्ता आहेत, आणि कंपनीची मर्जी हा आमच्या डोक्यावरचा कायमचा अंमल आहे. 2013 साली मेली या खेळाच्या चाहत्यांनी स्तनाच्या कर्करोगाच्या संशोधनासाठी चौऱ्याण्णव हजार डॉलरांहून अधिक देणगी जमवून आपल्या खेळाला एव्होत स्थान मिळविले, आणि ऐन स्पर्धेच्या तोंडावर निंटेंडोने त्याचे प्रक्षेपण रोखण्याचा हुकूम काढला. गदारोळ झाल्यावर तो मागे घेतला गेला, एवढेच. 2022 मध्ये कॅपकॉमने परवान्याचा जो मसुदा पुढे केला त्यात सामान्य आयोजकाने एका स्पर्धेत दोन हजार डॉलरांहून अधिक बक्षीस देऊ नये अशी अट होती. आणि आपल्या स्वतःच्या अनुभवातले उदाहरण म्हणजे हांगझोऊची एशियाई क्रीडास्पर्धा: मयंक प्रजापती व अयान बिस्वास हे आपले दोन खेळाडू 2023 च्या सप्टेंबरात तेथे स्ट्रीट फायटर 5 खेळले, जेव्हा त्या खेळाची पुढली आवृत्ती जूनमध्येच बाजारात येऊन जगभरचे खेळाडू तिच्याकडे वळलेले होते. एक वर्ष पुढे ढकललेल्या क्रीडास्पर्धेचा हा परिणाम. दोष कोणाचाच नाही, पण जुन्या खेळाचा सराव जिवंत ठेवण्याचा भार खेळाडूंनी आपापल्या घरी वाहिला. मान्यताप्राप्त खेळांची यादी करताना कंपन्यांशी बोलणी करण्याचे बळ फक्त सरकारकडे आहे. ते बळ पदकापुरते न वापरता, परवान्याच्या अटी सैल करून घेण्यासाठीही वापरावे.

जेथे कंपन्या कमी पडल्या तेथे या जमातीने स्वतः काय केले, त्याचाही एक दाखला द्यावयास हवा. इंटरनेटवरून खेळताना दूरच्या प्रतिस्पर्ध्याचा डाव उशिरा पोहोचतो. पूर्वी त्यावर उपाय म्हणून दोघांचाही खेळ थोडा थोपवून धरीत, आणि साठाव्या हिश्शाचा खेळ चिखलात चालावा तसा होई. एव्होच्या संस्थापकांपैकी टोनी कॅनन याने 2006 च्या सुमारास अशी प्रणाली रचली की यंत्राने प्रतिस्पर्ध्याच्या डावाचा अंदाज करून पुढे चालावे आणि अंदाज चुकला तर क्षणार्धात मागे जाऊन दुरुस्ती करावी. 2019 मध्ये तिची मूळ संहिता सर्वांस मोफत खुली केली गेली. दिल्लीचा खेळाडू दुबईच्या खेळाडूशी आज बऱ्यापैकी खेळू शकतो तो या तत्त्वामुळे.

गुणगान पुरे झाले; या जमातीचे दोषही आपल्यापुढे ठेवले पाहिजेत, नाही तर ही कैफियत एकतर्फी होईल. ही पुरुषांची बैठक आहे आणि तिला बैठकीच्या सवयी आहेत. स्त्रियांना उद्देशून होणारी शेरेबाजी ‘आमच्या संस्कृतीचा भाग’ म्हणून कॅमेऱ्यापुढे समर्थिली गेल्याचे 2012 चे अमेरिकेतील प्रकरण अजून विस्मरणात गेलेले नाही. आणि 2020 साली तर एव्होच्या तत्कालीन प्रमुखावरच लैंगिक गैरवर्तनाचे आरोप झाले, त्याला दूर करण्यात आले व त्या वर्षीची ऑनलाइन स्पर्धा रद्द झाली. मित्रामित्रांनी चालविलेल्या व्यवहारात तक्रार कोणाकडे करावयाची हाच प्रश्न असतो, कारण ज्याच्याकडे करावयाची तोही मित्रच. येथे आपला हस्तक्षेप मी हरकत न घेता, किंबहुना आग्रहाने मागेन. अल्पवयीन खेळाडू असतील तेथे जबाबदार व्यक्ती नेमणे, आणि तक्रारीसाठी आयोजकांच्या वर्तुळाबाहेरचे एक दार असणे, एवढे नियमांत सक्तीचे करावे.

अधिनियमात प्रशिक्षण प्रबोधिन्यांची तजवीज आहे. त्यांना माझा विरोध नाही. पण प्रबोधिनीपूर्वी सभागृह हवे. आपल्या मंत्रालयाच्या व राज्यांच्या ताब्यातील क्रीडासंकुलांत महिन्यातून एक रविवार, वीज आणि खुर्च्यांसह, नाममात्र भाड्याने मिळाला तर दहा प्रशिक्षकांनी होणार नाही ते होईल. परदेशी स्पर्धेला जाणाऱ्या खेळाडूला दूतावासात दाखविण्यासाठी मंत्रालयाचे एक पत्र मिळाले तर त्याचे मोल बक्षिसाहून जास्त. आणि कोणत्याही योजनेत वयाची अट घालू नये: हांगझोऊला स्ट्रीट फायटर 5 चे सुवर्णपदक कोरियाच्या किम ग्वान-वू याने घेतले तेव्हा तो चव्वेचाळीस वर्षांचा होता. पंचविशीची मर्यादा घालणारा कारकून त्याला फाटकावरूनच परत पाठविता.

राहता राहिली निवड. 2026 च्या आइची-नागोया येथील एशियाई क्रीडास्पर्धेच्या कार्यक्रमात स्ट्रीट फायटर, टेक्केन आणि किंग ऑफ फायटर्स या तिन्ही द्वंद्वखेळांना स्थान मिळाले, म्हणजे पार्लरसमोर उभ्या राहिलेल्या पोरांचा खेळ राष्ट्रध्वजाखाली आला. अशा प्रत्येक वेळी भारतीय खेळाडू ठरविण्यासाठी एकच खुली निवडस्पर्धा घ्यावी, ती समितीच्या निमंत्रणाने नव्हे तर शुल्क भरील त्याला प्रवेश देऊन, प्रत्यक्ष एका छपराखाली, दुहेरी बाद पद्धतीने व्हावी, आणि तिची तारीख व स्थळ किमान तीन महिने अगोदर जाहीर व्हावे, म्हणजे गुवाहाटीच्या वा कोल्हापूरच्या मुलाला रेल्वेचे आरक्षण तरी मिळेल. अशी अधिसूचना निघाली तर नाव नोंदविणाऱ्यांत मीही असेन. दोन सामन्यांत माझा निकाल लागेल, आणि उरलेला दिवस तक्ता भरावयास मी मोकळा राहीन.

कळावे,

आपला विश्वासू,
एक खेळाडू